प्रार्थनेच्या खोलीचे दार

ऑगस्ट 1893 मध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या दोघांनी पुण्यातल्या एका संस्थेशी असलेला संबंध जाहीरपणे तोडला. संस्था होती शारदा सदन, उच्चवर्णीय बालविधवांना राहायला जागा आणि शिक्षण देणारी शाळा. दोघेही या शाळेचे सल्लागार होते. तिच्यासाठी त्यांनी सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मुलींना मारहाण होत नव्हती, पैशाची अफरातफर नव्हती, शिकवणे उत्तम होते. तक्रार एवढीच होती की संस्थेच्या चालक पंडिता रमाबाई आपल्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थना करताना दार लावून घेत नाहीत, आणि मुली आत जाऊन बसतात.

दार लावून घ्या, म्हणजे वाद मिटेल, असे सांगून पाहिलेले होते. रमाबाईंनी नकार दिला. मी कुणाला आत बोलावत नाही, तशी आत आलेल्यांना बाहेरही काढणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सदनातल्या मुलींना आपापले देव पुजायची, आपापले ग्रंथ वाचायची मोकळीक होती. मग बाईंनीच तेवढी आपली उपासना चोरून का करावी?

सार्वजनिक जीवनात श्रद्धा किती दिसावी, कुठे थांबावी, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या नेमक्या रूपात क्वचितच उभा राहिला असेल. त्या दारापर्यंत रमाबाई कशा पोचल्या हे कळल्याशिवाय त्यांचा हट्ट समजत नाही. तो हट्टच होता, आणि पुण्याच्याही आधी इंग्लंडमधल्या मठाला त्याचा प्रसाद मिळाला होता.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री चित्पावन पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, आणि हे शास्त्राला धरून आहे की नाही याचा जाब त्यांना उडुपीच्या पंडितांपुढे द्यावा लागला. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागले. होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले, आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण कृष्णाबाई, असे एकेक जण गेले. पुराण सांगणाऱ्या घराला अंगमेहनतीचे काम येत नव्हते, आणि जमलेही नसते.

उरलेली दोघे भावंडे, रमा आणि श्रीनिवास, हिंदुस्थान पायी तुडवत राहिली. झेलमच्या काठी एका थंडीत त्यांच्याजवळ पांघरूण नव्हते. त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत आडवी झाली आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. ही हकीकत रमाबाईंनी उतारवयात लिहिली, तीही कोरडेपणाने, जसा प्रवाशाने मुक्काम नोंदवावा तशी.

1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर दिवस पालटले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना त्यांनी पहिल्यांदा पाहिली तीही याच शहरात. माणसे खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसलेली पाहून या दोघा भावंडांना वाटले, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेनांनी रमाबाईंच्या हाती वेद दिले आणि वाचायला सांगितले. बाईने वेद वाचायचे, ही गोष्ट तोवर पुराणिकाच्या या मुलीलाही पचणारी नव्हती.

पुढची काही वर्षे दमछाक करणारी आहेत. 1880 मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. नवरा परजातीचा, परप्रांतातला. 1881 मध्ये मुलगी झाली, मनोरमा. 1882 च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी, कडेवर तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. आल्या त्या वर्षातच त्यांनी आर्य महिला समाज उभा केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर हवेत असे सांगितले. पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडचे तिकीट निघाले. डॉक्टर व्हायचे होते. ते जमले नाही, कारण त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते.

इंग्लंडमध्ये त्यांची व्यवस्था झाली वाँटेज गावातल्या मठात. सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाचे ते मुख्य ठाणे. या भगिनींची शाखा पुण्यात पंचहौदाला होती आणि ओळख तिथेच झालेली. नेहेम्या गोरे हे मूळचे नीळकंठशास्त्री. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताच्या लिखाणाचाही रमाबाईंवर परिणाम झाला होता. तरीही युक्तिवादाने त्या हलल्या नाहीत. त्या हलल्या लंडनजवळच्या फुलहॅममधले एक घर पाहून.

या घरात भगिनीसंघाच्या जोगिणी वेश्याव्यवसायातून सुटलेल्या, समाजाने ओवाळून टाकलेल्या बायकांना सांभाळत होत्या. जेवू घालत, काम शिकवत, नावाने हाक मारत. धर्मशास्त्रात वाढलेल्या रमाबाईंना अशा बाईला काय शिक्षा सांगितली आहे ते ठाऊक होते. अशा बाईची कुणी सेवा करते हे त्यांनी पाहिले नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, गावाने टाकलेली बाई, आणि तिच्याशी बरोबरीने बोलणारा येशू. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती होण्यात सिद्धांत मागून आला, आचरण आधी. त्यांचे पुढचे सगळे वागणे या क्रमाने चाललेले दिसते. एखादा धर्म काय मानतो यापेक्षा त्या धर्माची माणसे टाकलेल्या बाईशी कशी वागतात, हे त्यांनी मोजमाप ठरवले. आणि मोजमाप एकदा ठरल्यावर ते नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांनाही लावायला त्या चुकल्या नाहीत.

वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक गुरू होत्या. दोघींचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे आणि तो वाचताना जेराल्डिनबाईंची कीव येते. एका संस्कृत पंडितेला शिष्या म्हणून पत्करणे म्हणजे काय, याची त्यांना कल्पना नसावी. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका घेत. चर्चचे मतपत्र जसेच्या तसे मान्य करायला नकार देत. बायबलमध्ये आधार दाखवा, म्हणत. इंग्लंडमध्ये इतके ख्रिस्ती पंथ आहेत आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो, मग मी कुणाचे ऐकू, असे विचारत. एका याज्ञिक वर्गाच्या तावडीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या तशाच वर्गाच्या हाती मान द्यायची माझी तयारी नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवले. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. मला न कळणाऱ्या लॅटिनपेक्षा आमच्या संस्कृतात काय कमी आहे, हाही प्रश्न झाला.

मग आले जेवण. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले पुडिंग खात नसत. मठाला हे जातीच्या अभिमानाचे अवशेष वाटले. हे सुटले पाहिजे, असे सुचवण्यात आले. रमाबाईंचे उत्तर पुणेरी म्हणावे असे आहे. माझा गर्व तुम्हाला पुडिंगात, दुधालोण्यात, बुटामोज्यांत, अगदी मी शेगडीत जाळते त्या कोळशातही शोधायचा असेल तर खुशाल शोधा, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. हिंदू म्हणवून घ्यायला मला आवडते, कारण मी आहेच, आणि पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळते, हेही त्याच ओघात.

चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना समजून घेतले. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. असे झाले तर तिकडे बाईंची अब्रू जाईल, हिंदू समाज त्यांचे ऐकणार नाही, हे कारण. रमाबाई चकित झाल्या. माझ्या वडिलांनी आईला तरुणांना शिकवायला कधी मनाई केली नाही, नवऱ्याने मला केली नाही, आणि इंग्रज मात्र अडवतात! हिंदुस्थानातल्या बायकांना मुक्त करायला निघालेल्या चर्चला हा टोमणा बसायला हवा होता. बसला की नाही, कुणास ठाऊक.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, कारण नात्यातल्या आनंदीबाई जोशी 11 मार्चला फिलाडेल्फियात डॉक्टर होणार होत्या. समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई तिकडे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. 1887 मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आई लक्ष्मीबाईंच्या स्मृतीला ते वाहिलेले आहे. पुस्तक गाजले, व्याख्याने झाली, आणि डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरवायचे या मंडळाने कबूल केले.

पुढच्या भांडणाचे बी याच ठिकाणी पडले. बोस्टनच्या मंडळात निरनिराळ्या पंथांचे लोक होते आणि त्यांनी, तसेच रमाबाईंनी, शाळा धर्मप्रसारापासून अलिप्त राहील असे ठरवले. मुलींना ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न होणार नाही, त्यांच्या धर्माचरणात ढवळाढवळ होणार नाही. या भरवशावर अमेरिकेतून डॉलर आले आणि महाराष्ट्रातल्या सुधारकांनी आपल्या ओळखीपाळखीच्या घरांतल्या मुली पाठवल्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी होती कोकणातली गोदूबाई जोशी.

1890 च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला आले. ही वेळ काय होती हे ध्यानात घ्यायला हवे. एकच महिना आधी, ऑक्टोबरात, पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली होती. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळकही होते. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापवून आणली आणि शहरभर ग्रामण्य माजले. कुणी चहा प्याला, कुणी नुसता कपाला हात लावला, याची चौकशी शंकराचार्यांच्या वतीने चालली. रानड्यांनी अखेर 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीत घेतल्याचे सांगितले. मिशनमधल्या एका पेल्यासाठी ज्या गावात शेण-गोमूत्र घ्यावे लागते, त्या गावात एक ख्रिस्ती बाई ब्राह्मणांच्या विधवा मुली सांभाळत होती.

सुरुवातीला सदनाचे कौतुकच झाले. मुलींच्या डोक्यावर केस होते, पाटीवर अक्षरे होती, ओसरीत त्या खेळतही होत्या. विधवेने खेळायचे असते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. ज्यांनी दोन वेळच्या जेवणाबरोबर दोन वेळचा उद्धारही ऐकला होता अशा त्या पोरी होत्या. रमाबाई त्यांना स्वतःच्या खोलीत यायची मुभा देत. ती खोली सगळ्यांची असे. मनोरमा तिथेच वावरे. तिथे रमाबाई मुलीबरोबर प्रार्थना करीत, बायबल वाचीत. काही मुली दाराशी रेंगाळू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या, गुडघे टेकू लागल्या.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. ‘केसरी’ने तोफ डागली. शिक्षणाच्या पदराआड बाप्तिस्म्याचे दुकान चालले आहे, हा टिळकांचा आरोप होता, आणि भाषा नेहमीप्रमाणे धारदार. रानडे-भांडारकरांची स्थिती मात्र वेगळी होती. त्यांना रमाबाईंच्या धर्माबद्दल वैर नव्हते. ते प्रार्थना समाजाचे. बायबल त्यांच्या वाचनातले. पण त्यांनी लोकांना शब्द दिला होता. त्यांच्या शब्दावर बापांनी आणि भावांनी मुली घराबाहेर काढल्या होत्या, आणि स्त्रीशिक्षणाला आधीच टपून बसलेल्या शहरात हा शब्द खोटा ठरला तर पुढची वीस वर्षे कुणी मुलगी शाळेत घालणार नव्हते.

या वादात बाजू घ्यायचा मोह आवरणे कठीण जाते. रमाबाईंच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. हिंदू चालकाच्या घरात देवघर उघडे असते. आरतीचा आवाज माडीवर जातो. तीर्थप्रसाद सगळ्यांच्या हातावर पडतो. त्याला कुणी प्रचार म्हणत नाही. मग दुसऱ्या धर्माच्या माणसानेच तेवढे तटस्थ राहायचे आणि तटस्थ म्हणजे अदृश्य व्हायचे, हा कुठला न्याय? त्यांनी आपला ख्रिस्ती धर्म लपवून पैसे घेतले नव्हते आणि लपवून मुलीही घेतल्या नव्हत्या. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये 1885 मध्येच रमाबाईंची बाजू घेऊन सांगितले होते की शिकलेल्या बाईने धर्म पारखून बदलला तर दोष बाईचा नाही. 1893 चा वाद पाहायला ते हयात नव्हते.

तरीही उघडे दार म्हणजे तटस्थता, हे रमाबाईंचे म्हणणे पूर्ण पटत नाही. आई-बापांनी टाकलेल्या, सासरी मार खाल्लेल्या बारा वर्षांच्या पोरीला जी बाई पहिल्यांदा जवळ घेते, तिच्या खोलीचे दार नुसते दार राहत नाही. आत काय चालले आहे ते आपलेही असावे, असे त्या पोरीला वाटणारच. जबरदस्ती नव्हती हे खरे. पण मायेचे वजन जबरदस्तीपेक्षा जास्त असते, हे स्वतः फुलहॅमला माया पाहूनच धर्म बदललेल्या रमाबाईंना कळत नव्हते असे म्हणवत नाही. रानड्यांचा आक्षेप इथे बिनतोड होता. आणि 1895 मध्ये सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा विरोधकांना आम्ही सांगत होतो तेच झाले, असे म्हणायची सोय झाली.

राजीनाम्यानंतर अनेक पालक आपापल्या मुली घेऊन गेले. बोस्टनच्या मंडळाच्या जुडिथ अँड्र्यूज चौकशीसाठी इतक्या लांबून पुण्याला आल्या, त्यांनी पाहणी केली, आणि मंडळाचा पाठिंबा कायम राहिला. पुण्याची दारे मात्र लागली ती लागलीच.

पुढची गोष्ट दुष्काळाची. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात पिके बुडाली तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. वीस वर्षांपूर्वी आपले घर ज्यात संपले तेच त्यांना दिसले. सरकारी अन्नछत्रे आणि कामाच्या छावण्या होत्या, पण तिथे पोरक्या मुलींना हेरणारे दलाल होते आणि कित्येकदा राखणदारच भक्षक होते. हे सगळे त्यांनी लिहून छापले. तीनशेच्या आसपास मुली घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे एवढी माणसे शहरात ठेवायची परवानगी मिळेना. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी शंभर एकर जमीन आधी घेऊन ठेवली होती, शाळेला शेतीचे उत्पन्न असावे म्हणून. तिथे तंबू आणि झोपड्या पडल्या. तेच मुक्ती सदन.

त्याच वर्षी त्यांचे सरकारशी वाजले. ही बाजू सहसा विसरली जाते. प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसत होते. संशयितांना इस्पितळात आणि छावणीत नेले जात होते. 1897 च्या मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून या इस्पितळांत बायकांची कशी दैना होते, त्यांच्या अब्रूचे रक्षण कसे होत नाही, हे सांगितले. त्यात स्वतःच्या आश्रमातल्या एका मुलीची हकीकत होती. पत्र लंडनला पोचले आणि ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप दिशाभूल करणारे आहेत असे ठरवून टाकले.

तो काळ कसा होता? जूनमध्ये पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर खुनी हल्ला झाला. जुलैअखेर टिळकांना राजद्रोहासाठी पकडले. प्लेगच्या सोल्जरांवर विलायतेत केलेले आरोप सिद्ध करता न आल्यामुळे गोपाळ कृष्ण गोखल्यांना त्याच वर्षी जाहीर माफी मागावी लागली आणि ती त्यांना कायमची बोचत राहिली. अशा दिवसांत परदेशी पैशावर संस्था चालवणाऱ्या, सरकारच्याच धर्माच्या बाईने गप्प बसणे सोयीचे होते. ‘केसरी’ ज्या बाईला मिशनऱ्यांची हस्तक समजत होता, ती बाई प्लेगच्या कारभारावर ‘केसरी’च्याच जोडीने टीका करत होती. दोघांनी एकमेकांची दखल घेऊन हातमिळवणी केली, असे मात्र काही घडले नाही.

केडगावला तटस्थतेचा प्रश्न उरला नाही. बोस्टनच्या कराराची दहा वर्षे 1898 मध्ये संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि नवे मंडळ झाले. या वेळी संस्था ख्रिस्ती असेल हे उघड होते. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दोन हजारांच्या घरात माणसे झाली. विणकाम, तेलाची घाणी, गाईगुरे, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. फुलहॅमचे देणेही फिटले. समाजाने ‘वाईट चालीच्या’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग निघाला.

इथेही एक प्रश्न टोचतो. चर्चचे मतपत्र घटक-घटक तपासून घेणारी बाई दुष्काळातून आणलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोरींना तेवढी तपासणी करायची सवड देत होती का? रमाबाईंजवळ वाद घालायला संस्कृत होते, व्याख्यानांतून मिळवलेले स्वतःचे पैसे होते, उठून निघून जायला पाय होते. त्या मुलींजवळ यातले काही नव्हते. त्यांना वाचायला आणि खिळे जुळवायला शिकवले गेले हे खरे, आणि त्या काळात त्यांच्यासाठी एवढे करणारे दुसरे कोण होते हेही खरे. पण निवड म्हणावी असे त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही.

रमाबाईंनी स्वतःला मात्र सवलत दिली नाही. पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण खेड्यातल्या बायकांना समजेल असे मराठी बायबल त्यांना मुळावरून करायचे होते. कान जवळजवळ गेलेले, अंगावर शेकडो माणसांचा संसार, आणि हे काम सुमारे पंधरा-सतरा वर्षे चालले. 1919 मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. ज्यांचे पत्र एका गव्हर्नराने उडवून लावले होते त्यांच्याच नावे. 1921 मध्ये मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. बायबल मुक्तीच्या छापखान्यातून 1924 मध्ये बाहेर पडले.

त्या उघड्या दाराचा सगळ्यात लांबचा परिणाम केडगावला झाला नाही, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला झाला. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे चार वर्षे शिकली, राहिली हिंदूच, आणि 11 मार्च 1893 रोजी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांशी तिचे लग्न झाले. तीच आनंदीबाई, बाया कर्वे. विधवेशी लग्न केले म्हणून कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकले. काही महिन्यांतच रानडे-भांडारकरांनी शारदा सदन सोडले आणि विधवांच्या शिक्षणाला हिंदू घरांचा भरवसा असलेले ठिकाण उरले नाही. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. आश्रमाच्या मंडळाचे अध्यक्ष भांडारकरच.

कर्व्यांनी रमाबाईंच्या उलट केले. त्यांनी आपल्या खोलीचे दार लावून घेतले. धर्मप्रसाराचा तिथे प्रश्न नव्हता, पण पुनर्विवाहाचा होता. स्वतः विधवेशी लग्न केलेला माणूस आश्रम चालवतो म्हणजे मुलींची लग्ने लावून देणार, अशी कुजबुज सुरू झाली. कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून आश्रम कटाक्षाने वेगळा ठेवला आणि स्वतःही त्या चळवळीतून अंग काढून घेतले. बायाची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही विधवा. केशवपन केलेल्या रूपातच ती आश्रमाच्या वर्गणीसाठी गावोगाव हिंडली, आणि हिच्याकडे पाहून लोक मुली पाठवायला धजावले. काही सुधारकांना कर्व्यांची ही माघार भेकडपणाची वाटली. वर्गणी मात्र येत राहिली, मुलीही येत राहिल्या, आणि 1918 मध्ये पार्वतीबाई तुटपुंज्या इंग्रजीवर अमेरिकेला निघाल्या, तिथे लोकांच्या घरी कामाला राहिल्या आणि हिंगण्यासाठी पैसे जमवून परत आल्या.